स्वत:च्याच नावाला पारखा झालेला हॅल्स्टन

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील ऑलिम्पिक टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर ‘हॅल्स्टन’ या फॅशनगृहाचे कार्यालय होते. भिंतींना आरसे, पायाखाली लाल गालिचा, जागोजागी ऑर्किडची फुले आणि उंच खिडक्यांतून दिसणारे सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे मनोरे, असा सारा थाट. ज्याच्या नावाने हे फॅशनगृह चालत होते, त्या माणसाचे कामावर येणे १९८४ मध्ये थांबले. कपडे मात्र निघत राहिले आणि त्यांवर नावही तेच लागत राहिले. या साऱ्याला कायद्याची पूर्ण मान्यता होती. कारण अकरा वर्षांपूर्वी त्या माणसाने आपले नाव रीतसर विकून टाकले होते.

अमेरिकी फॅशनच्या इतिहासात हॅल्स्टनइतका झपाट्याने वर गेलेला आणि तितक्याच झपाट्याने खाली आलेला दुसरा कलावंत शोधावा लागेल. त्याची कथा बहुधा रात्रीच्या पार्ट्या, नट्या आणि अमली पदार्थ यांच्या मसाल्यासह सांगितली जाते. तो मसाला खोटा नाही. परंतु त्याच्या आयुष्याची खरी शोकांतिका डिस्कोच्या झगमगाटापेक्षा करारपत्राच्या कागदांत दडलेली आहे आणि म्हणूनच ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

रॉय हॅल्स्टन फ्रोविक याचा जन्म २३ एप्रिल १९३२ रोजी आयोवा राज्यातील डे मॉइन या शहरातला. घर मध्यमवर्गीय, काळ महामंदीचा. किशोरवय इंडियाना राज्यातील एव्हन्सव्हिल येथे गेले. शिवणकामाची आवड लहानपणापासूनची. आईसाठी टोप्या तयार करण्यापासून तिची सुरुवात झाली. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी तो शिकागोला आला. दिवसा दुकानाच्या दर्शनी काचेमागे माल मांडण्याचे काम आणि संध्याकाळी आर्ट इन्स्टिट्यूटचे वर्ग, असा त्याचा दिनक्रम होता. लवकरच त्याने तेथील अ‍ॅम्बॅसॅडर हॉटेलात स्त्रियांच्या टोप्यांचा स्वतंत्र व्यवसाय थाटला. याच सुमारास ‘रॉय’ गेले, ‘फ्रोविक’ही गेले आणि मधले ‘हॅल्स्टन’ तेवढे उरले. पुढे ज्या नावावरून एवढे रामायण घडायचे होते, ते नाव त्याने असे स्वत:च निवडून, घासूनपुसून लखलखीत केले होते.

न्यूयॉर्कला आल्यावर लिली दाशे या नामांकित टोपीकर्तीकडे थोडी उमेदवारी करून तो बर्गडॉर्फ गुडमन या श्रीमंतांच्या दुकानात टोप्यांच्या विभागाचा प्रमुख झाला. २० जानेवारी १९६१ रोजी जॉन केनेडी यांच्या शपथविधीला जॅकलिन केनेडी यांनी जी गोल, बिनकाठाची, डब्याच्या झाकणासारखी दिसणारी ‘पिलबॉक्स’ टोपी घातली होती, ती हॅल्स्टनने केलेली. त्या दिवशी वारा जोराचा होता. टोपी सावरताना हात लागून तिला किंचित पोचा पडला आणि पुढे तिची नक्कल करणाऱ्यांनी पोच्यासकट नक्कल केली, असा किस्सा हॅल्स्टन रंगवून सांगत असे. टोप्यांसाठी त्याला १९६२ साली मानाचे कोटी पारितोषिकही मिळाले.

मात्र वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे त्याला इतरांच्या आधी कळत असे. साठीच्या दशकात केसांचे फुगे वाढले आणि टोप्यांचे दिवस भरले. हॅल्स्टनने १९६६ साली बर्गडॉर्फमध्येच कपड्यांकडे मोर्चा वळवला आणि १९६८ साली मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर स्वत:चा व्यवसाय सुरू केला.

त्याच्या कपड्यांत नवे काय होते, असा प्रश्न आज त्यांची छायाचित्रे पाहताना पडू शकतो. तो पडावा, हेच त्याचे यश म्हणायचे. त्या काळचे उंची कपडे म्हणजे आतून अस्तर, ताठ कापड, टक्स, हुक आणि शोभेची बटणे यांनी बांधलेला एक किल्लाच असे. हॅल्स्टनने या किल्ल्याचे बुरूज एकेक करून पाडले. ज्या बटणाने काही बंद होत नाही आणि ज्या गाठीने काही बांधले जात नाही, ते त्याने कपड्यावरून काढून टाकले. जर्सी, शिफॉन आणि कॅशमियर अशी अंगाबरोबर हलणारी कापडे घेऊन तो ती उरेप बेतायचा, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरका छेद देऊन. असे कापड ताणले जाते, झोकात पडते आणि शरीराचा आकार आपसूक घेते. त्याचे काही गाऊन तर एकाच अखंड कापडातून, अंगाभोवती वळसा घेत जाणाऱ्या एकाच शिवणीवर उभे असत. बिनशिवलेल्या पाच किंवा नऊ वारांत अवघा देह सुंदर करणाऱ्या साडीच्या देशात या कौशल्याचे मोल समजावून सांगण्याची गरज नसावी. मात्र कापडाच्या एका सपाट तुकड्यावरून तयार गाऊन डोळ्यांसमोर आणणे ही जवळपास भूमितीतलीच करामत होती. ती त्याला उपजत साधली होती.

त्याचे सर्वांत गाजलेले वस्त्र मात्र एका गैरसमजातून जन्माला आले. जपानच्या तोरे या कंपनीने १९७० च्या सुमारास मऊ सांबरी चामड्यासारखे दिसणारे ‘अल्ट्रास्वेड’ हे कृत्रिम कापड तयार केले होते. इस्से मियाके या जपानी फॅशनकाराच्या अंगात त्याचा सदरा पाहून हॅल्स्टनला वाटले, की हे पाण्याला दाद न देणारे कापड आहे. त्याने त्याचे रेनकोट केले. ते पावसात भिजले. ते कापड धुण्यायंत्रात घालता येते आणि त्याला सुरकुत्या पडत नाहीत, हे त्याचे खरे गुण नंतर उमगले. १९७२ साली त्याने त्याचा पुरुषी सदऱ्यासारख्या कॉलरचा, समोर बटणांचा, कमरेला पट्टा असलेला साधा झगा केला. नोकरी, प्रवास, मुलांची शाळा आणि संध्याकाळचे जेवण या सगळ्यांना चालणारा हा झगा हजारोंच्या संख्येने खपला. श्रीमंत बाईने ऐटीसाठी घेतला आणि नोकरदार बाईने सोयीसाठी, असे क्वचितच घडते.

१९७३ हे वर्ष त्याच्या आयुष्यातील सर्वोच्च शिखराचे, आणि त्याच वर्षी त्याच्या पायाखालची जमीनही दुसऱ्याच्या मालकीची झाली. २८ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यात, त्याच वास्तूच्या डागडुजीसाठी निधी उभारण्याकरिता एक सोहळा झाला. एका बाजूला इव्ह सँ लॉराँ, जिव्हाँशी, पिएर कार्दँ, उंगारो आणि दिओरच्या घराण्याचे मार्क बोआँ असे पाच फ्रेंच दिग्गज. दुसऱ्या बाजूला ऑस्कर दे ला रेंता, बिल ब्लास, अ‍ॅन क्लाइन, स्टीफन बरोज आणि हॅल्स्टन हे पाच अमेरिकी. फॅशन म्हणजे पॅरिस आणि अमेरिका म्हणजे पॅरिसची नक्कल, हा तोवरचा रूढ समज. फ्रेंचांनी मोठमोठे देखावे उभारून लांबलचक सादरीकरण केले. अमेरिकनांचा देखावा मापांच्या घोळामुळे भलताच लहान निघाला आणि त्यांना जवळजवळ मोकळ्या रंगमंचावर उतरावे लागले. पण लायझा मिनेली यांचे गाणे, झपाट्याने बदलणारी दृश्ये, मोठ्या संख्येने असलेल्या कृष्णवर्णीय मॉडेल मुलींची दिमाखदार चाल आणि अंगावर लहरणारे साधे कपडे यांनी सभागृह जिंकले.

त्याच वर्षी नॉर्टन सायमन या कंपनीने हॅल्स्टनचा व्यवसाय विकत घेतला. टोमॅटो केचपपासून शीतपेयांपर्यंत नाना वस्तू विकणारा हा उद्योगसमूह. मॅक्स फॅक्टर ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनीही त्याने नुकतीच घेतली होती. सौदा सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर किमतीच्या समभागांचा असल्याचे सांगितले जाते. आयोवातून आलेल्या एका टोपीवाल्याला ही रक्कम स्वप्नवत वाटली असल्यास नवल नाही.

आता या सौद्यात नेमके काय विकले गेले, हे पाहू. उंची कपड्यांच्या धंद्यात नफा फारसा नसतो. कापड महाग, कारागीर महाग, गिऱ्हाईक मोजके. खरा पैसा असतो तो परवान्यांत. फॅशनकाराचे नाव अत्तराला, चादरीला, चष्म्याला वा पेटीला लावण्याची परवानगी एखाद्या उत्पादकाला द्यायची आणि त्याच्या विक्रीतील ठरावीक टक्केवारी घरबसल्या घ्यायची. यात कारखाना नाही, गोदाम नाही, न खपलेल्या मालाची चिंता नाही. भांडवल एकच, ते म्हणजे नाव. म्हणून अशा व्यवसायाचा ग्राहक शिलाईयंत्रे किंवा दुकानाची जागा विकत घेत नाही, तो व्यापारचिन्ह विकत घेतो. व्यापारचिन्ह विकले की विकणारा कंपनीचा पगारी नोकर होतो. तो स्वत:ला घरी, मित्रांत हवे त्या नावाने हाक मारून घेऊ शकतो. परंतु त्या नावाने एक रुमालही विकू शकत नाही. उलट कंपनी त्या नावाने काहीही, कोणाकडूनही बनवून घेऊ शकते.

जोवर मालक आणि कलावंत यांचे मेतकूट जमलेले होते, तोवर या कलमांकडे कोणी पाहिले नाही. नॉर्टन सायमनचे प्रमुख डेव्हिड महोनी हे हॅल्स्टनचे चाहते होते. त्याला हवे ते मिळत होते. १९७५ साली मॅक्स फॅक्टरने हॅल्स्टनचे अत्तर बाजारात आणले. एल्सा पेरेती हिने घडवलेली त्याची बाटली थेंबासारखी, एका अंगाला कललेली होती. असली वाकडी बाटली यंत्रावर भरणे अवघड, म्हणून कंपनीचे लोक कुरकुरले, पण हॅल्स्टन बधला नाही. ते अत्तर त्या काळातील सर्वाधिक खपाच्या अत्तरांत जाऊन बसले. मग ब्रॅनिफ विमानसेवेचे, १९७६ च्या ऑलिम्पिकसाठी अमेरिकी पथकाचे आणि गर्ल स्काउट संघटनेच्या पदाधिकारी स्त्रियांचे गणवेश आले. चादरी, गालिचे, प्रवासी पेट्या, चष्मे आले. काळा गळाबंद स्वेटर, काळा चष्मा आणि बोटांत सिगारेट ही त्याची छबी नियतकालिकांतून झळकू लागली.

एप्रिल १९७७ मध्ये स्टुडिओ ५४ हा नाइट क्लब सुरू झाला आणि हॅल्स्टन तेथला अनभिषिक्त यजमान बनला. बियांका जॅगर, अँडी वॉरहॉल, लायझा मिनेली हा त्याचा नित्याचा गोतावळा. कोकेन होते, उधळपट्टी होती, फुलांवर होणारा खर्च तर दंतकथाच झाला होता. या सगळ्याचा परिणाम त्याच्या कामावर झालाच. तरीही केवळ नशेने त्याला बुडवले, हा निष्कर्ष फार सोपा वाटतो. त्याहून घातक होता त्याचा एक स्वभावविशेष, जो एरवी आपण सद्गुण मानतो. आपले नाव लागणारी प्रत्येक वस्तू आपणच घडवली पाहिजे, हा त्याचा हट्ट होता. परवान्यांचा सगळा व्यवहारच असा असतो की नाव एकाचे आणि हात शंभरांचे. पिएर कार्दँ यांनी शेकडो वस्तूंना नाव दिले, पण त्यातली प्रत्येक स्वत: रेखाटली नाही. हॅल्स्टनने नाव तर विकले, पण ते आपलेच आहे अशा थाटात प्रत्येक बाहीची लांबी स्वत: ठरवण्याचा अट्टहास सोडला नाही. वर्षागणिक वस्तू वाढत गेल्या आणि तारखा हुकू लागल्या.

अशा अवस्थेत जे. सी. पेनी या साखळी दुकानांशी करार झाला. पेनी म्हणजे अमेरिकी मध्यमवर्गाचे भरवशाचे दुकान. छोट्या गावातल्या कुटुंबाने शाळेचे कपडे घ्यावेत असे. ‘हॅल्स्टन थ्री’ या नावाने २४ ते २०० डॉलरपर्यंतचे कपडे व इतर वस्तू तेथे मिळणार होत्या. करार सहा वर्षांचा होता आणि त्याचा आकडा एक अब्ज डॉलरचा म्हणून गाजला. जून १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात त्याचा उद्घाटन सोहळा झाला. सगळ्या अमेरिकेला कपडे घालावेत ही हॅल्स्टनची मनापासूनची इच्छा होती आणि आपण ज्या लोकांतून आलो, त्यांच्यासाठी काम करण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. बर्गडॉर्फ गुडमनला मात्र वाटला. ज्या दुकानाने त्याला नाव मिळवून दिले, त्याने त्याचे उंची कपडे ठेवणे बंद केले. शेजारच्या गावी जे नाव २४ डॉलरला मिळते, त्यासाठी आपली गिऱ्हाइके हजारो का मोजतील, असा त्या दुकानाचा सरळ हिशेब होता.

हा धक्का कदाचित पचलाही असता. पण त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात कंपन्या गिळण्याची लाट आली होती. १९८३ मध्ये एस्मार्क या समूहाने नॉर्टन सायमन गिळंकृत केली आणि महोनी गेले. हॅल्स्टनचे फॅशनगृह आता स्त्रियांची अंतर्वस्त्रे करणाऱ्या प्लेटेक्सच्या अखत्यारीत आले. वर्षभरात खुद्द एस्मार्कला बीट्रिस फूड्सने विकत घेतले. दरवेळी वरचे साहेब बदलत आणि दरवेळी नवे साहेब ऑर्किडची बिले तपासत. त्यांच्या जागी बसून पाहिले तर त्यांचेही फारसे चुकले असे म्हणता येत नाही. पेनीला ठरल्या दिवशी माल हवा होता, आणि त्यावरचा अंतिम हात फिरवणारा माणूस दुपार टळल्यावर कामावर येत होता. कंपनीने त्याच्या मदतनिसांकडून काम करून घ्यायला सुरुवात केली. खटके उडत गेले आणि १९८४ मध्ये तो बाहेर पडला. नंतर आपली कंपनी परत विकत घेण्याची त्याची धडपड सुरू होती. ती फळाला आली नाही. १९८६ साली मालकी रेव्हलॉनकडे गेली. पगार मिळत होता, काम मात्र नव्हते. पन्नाशी नुकती उलटलेला, हातातले कसब शाबूत असलेला माणूस स्वत:च्या नावाने एक झगाही विकू शकत नव्हता.

या प्रकारचा तो पहिला नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसवर राज्य करणाऱ्या पॉल प्वारे यानेही अखेरच्या काळात नावावरचा हक्क गमावला होता आणि तो १९४४ साली दारिद्र्यात वारला. हॅल्स्टननंतरही हे थांबले नाही. हर्वे लेजे याची कंपनी १९९८ मध्ये विकली गेली, मग त्यालाच काढून टाकण्यात आले आणि पुढे हर्वे लरू या नव्या नावाने त्याला दुकान थाटावे लागले. वकील मंडळी आज अशा करारांत कलावंताच्या बाजूने कलमे घालून घेतात: नाव कशाला लावायचे यावर नकाराधिकार, मालकी बदलल्यास करार नव्याने ठरवण्याचा हक्क, निदान मर्यादित काळासाठीच परवाना.

यातले काहीही आता आपल्याला परके राहिलेले नाही. २०२१ च्या जानेवारीत सब्यसाची मुखर्जी यांच्या नाममुद्रेतील ५१ टक्के हिस्सा आदित्य बिर्ला समूहाच्या फॅशन कंपनीने घेतला. त्याच वर्षी मुंबईच्या मनीष मल्होत्रा यांच्या व्यवसायातील ४० टक्के हिस्सा रिलायन्सने, तर रितू कुमार यांच्या कंपनीतील निम्म्याहून अधिक हिस्साही रिलायन्सनेच घेतला. टक्क्यांचा हा फरक बातमीत एका ओळीत येऊन जातो. ४० आणि ५१ या दोन आकड्यांत काय अंतर आहे, हे हॅल्स्टनला कोणी विचारायला हवे होते. आणखी एक विरोधाभास असा, की ज्या कृत्यासाठी बर्गडॉर्फने हॅल्स्टनला वाळीत टाकले, ते आता प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे. २००४ साली कार्ल लागरफेल्ड यांनी एच अँड एम या स्वस्त साखळी दुकानांसाठी कपडे केले तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. २०२१ मध्ये सब्यसाची यांनीही तेच केले आणि माल हातोहात संपला. अर्थात या दोघांनी एकदाच, थोड्या मालापुरते आणि मोजक्या दिवसांसाठी नाव दिले. हॅल्स्टनने सहा वर्षांसाठी दिले, तेही आधीच दुसऱ्याचे झालेले.

व्यवसाय गेल्यावरही त्याचे हात थांबले नाहीत. आधुनिक नृत्याच्या थोर गुरू मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेसाठी तो १९७५ पासून वेशभूषा करत आला होता. ते काम चालू राहिले. लायझा मिनेली यांच्यासाठीही तो कपडे करत राहिला. मैत्रीत दिलेल्या कपड्याला व्यापारचिन्हाची गरज नसते. १९८८ मध्ये त्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले. एड्सवर परिणामकारक संयुक्त उपचार यायला अजून आठेक वर्षे होती. न्यूयॉर्क सोडून तो आपल्या कुटुंबीयांजवळ कॅलिफोर्नियात गेला. रोल्स रॉइसमधून पॅसिफिकच्या किनाऱ्याने दूरदूर फिरून येणे हा त्याचा अखेरच्या दिवसांतला विरंगुळा होता. २६ मार्च १९९० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न.

नावाचा प्रवास मात्र पुढे चालूच राहिला. नव्वदीच्या दशकात त्या नावाने पुन्हा कपडे आले, फॅशनकार बदलत राहिले. २००७ साली चित्रपटनिर्माता हार्वे वाइनस्टीन याच्यासह काही गुंतवणूकदारांनी ते नाव घेतले. पुढे सेरा जेसिका पार्कर ही अभिनेत्रीही त्या उपक्रमात काही काळ होती. २०१९ मध्ये ते एक्सेल ब्रँड्स या कंपनीकडे गेले. त्याच वर्षी त्याच्या आयुष्यावर एक माहितीपट आला आणि मे २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर इवान मॅकग्रेगर याने रंगवलेला हॅल्स्टन घराघरांत पोहोचला. मालिका लोकांनी पाहिली, त्या साध्या, अंगावर लहरणाऱ्या कपड्यांविषयी कुतूहल वाढले आणि नावाच्या तत्कालीन मालकांनी मालिकेतील गाऊनवर आधारलेले काही पोशाख विक्रीला काढले. त्यांवर ‘हॅल्स्टन’ हेच नाव होते.